चाखून घेतलेली वाळू

सरू दुपारी एकला झोपते ती दोनपर्यंत. तेवढा तास माझा. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला आणि हातात सगळ्यात बारीक ब्रश, असे मी महिनाभर महिपतीकाकांचे घोडेस्वार रंगवले.

स्वार बोटाच्या पेराएवढे, धातूचे. जुन्या इराणी फौजेतले, अंगावर खवल्यांची चिलखतं. काका रोह्याचे, धाटावच्या कंपनीत ह्यांच्याच शिफ्टला होते. निवृत्त झाल्यापासून मित्रांबरोबर टेबलावर फासे टाकून हजारो वर्षांपूर्वीच्या लढाया खेळतात. आता हात कापतो, म्हणून रंगकाम बाहेर देतात. मी लग्नाआधी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे, हे कळल्यावर चोवीस स्वार आणून दिले.

"जमलं तर बाकीची फौज तुझीच, शांती. नाय जमलं तर पुण्याला पाठवतो, पूर्वीसारखी."

तान्ही पोर घेऊन कारखान्यात जाता येत नाही. ब्रश हातात राहणार की सुटणार, ते या चोवीस जणांवर होतं.

रंग छान बसला. मग एकेक घोडा गोल चकतीवर चिकटवून त्याच्या पायाखाली जमीन करायची. आधी डिंक, वर रेती, त्यावर रंग. खाडीकाठची करडी रेती मला फार आवडते. चाळली, वाळवली, लावली. काका शनिवारी येणार होते आणि मंगळवारी बघते तर चकत्यांवर पांढरी बुरशी. रंगाचे पापुद्रे सुटलेले, दोन घोडे आडवे.

"बुरशी आली सगळ्यांना," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांची हयात धरमतरकडच्या मिठागरात गेलेली. उठून आल्या, नखाने पांढरं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

"बुरशी कुठली गो? मीठ हाय. रेती कुठून आनलीस?"

"आपल्याच बांधावरून."

"मंग काय साखर येल वर?"

डोळ्यांत पाणी असताना मला हसू आलं. "पण चाळली होती, आई."

"चाळून मीठ जातं व्हय? तुमा गनपतीवाल्यांना शाडू कळते, खार नाय कळत."

बुधवारी त्या नदीची वाळू घेऊन आल्या. परातीत धुवायची, पाणी ओतायचं, चिमूटभर जिभेवर ठेवायची.

"अजून एकदा धू."

"नदीची आहे ना?"

"भरती कुठवर चढते ते मला नको सांगू."

चौथ्या पाण्याला त्यांनी मान हलवली. पुढचे दिवस सरू त्यांच्या मांडीवर आणि मी सुईने जुनी रेती खरवडतेय, खुरांना धक्का न लावता. शुक्रवारी शेवटची चकती वाळली.

शनिवारी काकांनी भिंग काढलं आणि चोवीसही स्वार एकेक करून पाहिले. मी चहाचा कप तसाच धरून उभी.

"जमीन झकास. वाळू कुठली?"

"चाखून घेतलीय," सासूबाई म्हणाल्या. काकांना थट्टा वाटली. त्यांनी पिशवीतून दुसरा खोका काढून माझ्यापुढे सरकवला. आत सहा हत्ती, पाठीवर हौदे.

सासूबाईंनी एक उचलून त्याची सोंड निरखली. "हे हिला शिकवाया नको. फक्त सवयीनं मुकुट घालू नको गो."

डोळा नेमका कुठे येईल ते मी भिंगातून बघत होते, तोवर सरू पाळण्यात जागी झाली.