आतली हवा, बाहेरची हवा

मी एका जुन्या गाडीतला हवेचा खटका बोलतोय. रेडिओच्या खाली नखाएवढा काळा तुकडा दिसतो ना, तोच मी. एका बाजूला सरकवलं की बाहेरची हवा आत येते, दुसऱ्या बाजूला सरकवलं की आतलीच हवा आत फिरत राहते. कुठली बाजू कशाची, हे कळावं म्हणून कारखान्यात माझ्या दोन्ही टोकांना दोन बारीक पांढरी चित्रं छापली होती. माझ्या जन्माची हकिगत एवढीच.

पहिला मालक औषधं विकत गावोगाव फिरायचा. एका हाताने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने क्रीमची बिस्किटं खायची, ही त्याची रीत. चिकट बोटं पुसायला मी होतोच. त्यावर धूळ बसली, धुळीवर पुन्हा क्रीम. सहा वर्षांत दोन्ही चित्रं दिसेनाशी झाली. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग गाडी एका घड्याळजीनं घेतली. डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांच्या घड्याळांच्या तबकड्या पुसणारा हा माणूस, पण स्वतःच्या गाडीत कधी फडकं फिरवलं असेल तर शपथ. शेजारी त्याची बायको बसायची. त्या बालवाडीतल्या बाई. मागे त्यांची मुलगी.

पुढे धूर सोडणारा ट्रक आला की सुरू व्हायचं. घड्याळजी मला डावीकडे सरकवून म्हणायचा, "झाली आतली हवा."

"आतली उजवीकडे असते," बाई नाकाला रुमाल लावून म्हणायच्या. "मग हा धूर काय मागच्या सीटवरून येतोय?"

"यंत्रातलं मला नको शिकवूस."

"चित्र दिसलं असतं ना, तर माझ्या वर्गातल्या पोरांनीही सांगितलं असतं."

तो आरशात बघायला लागला की बाई मला गुपचूप उजवीकडे ढकलायच्या. त्याच्या लक्षात आलं की मी पुन्हा डावीकडे. कुणी एकदा ओला रुमाल फिरवला असता तर वाद तिथल्या तिथे मिटला असता. पण आपलंच खरं, याची दोघांनाही इतकी खात्री की बघायची गरजच वाटेना.

एके दिवशी बालवाडी सुटायची वाट बघत तो गाडीत एकटाच बसला होता. काय मनात आलं कोण जाणे, त्यानं अंगठा थुंकीनं ओला केला आणि माझ्या उजव्या टोकावर घासला. चित्र वर आलं. गाडी, आणि तिच्या आत गोल फिरणारा बाण. बाईंचं बरोबर होतं.

तो बघतच राहिला. तेवढ्यात फाटक उघडलं आणि बाई बाहेर आल्या. त्यानं खिशातलं कामाचं तेलकट फडकं काढून त्याचा काळा मळ चित्रावर चोपडला आणि साळसूदपणे गाडी सुरू केली.

त्यानंतर ट्रक दिसला की तो मला पूर्वीसारखंच डावीकडे सरकवायचा, पण बाईंनी उजवीकडे ढकलल्यावर परत कधीच ओढलं नाही. तोंडानं मात्र "आतली डावीकडेच" चालू ठेवलं. बाई चोरून मला उजवीकडे ढकलायच्या, आपण नवऱ्याला फसवलं म्हणून खुशीत बसायच्या, आणि तो खिडकीबाहेर बघत हसू दाबायचा. असं अकरा वर्षं चाललं. मग बाई आजारी पडल्या. दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या, आणि एक दिवस शेजारची जागा रिकामीच घरी आली.

आता घड्याळजीचे हात थरथरतात. दुकान बंद झालं. गाडी मुलगीच चालवणार म्हणून एका सकाळी ती साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन आली. बाप उघड्या दाराशी स्टूल टाकून बसला.

"पाणी थेट ओतू नकोस. ब्रश झटकून घे. फटीत काडीला कापूस गुंडाळून घाल." सूचना देताना त्याला बरं वाटत होतं. रेडिओची बटणं लख्ख झाली. मग ती माझ्याकडे वळली.

"तेवढं राहू दे," तो म्हणाला.

"का? सगळ्यात घाण हेच आहे." तिनं घासलंसुद्धा. "बाबा! आई जिंकली! हे बघा, आतली उजवीकडेच!"

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"तू सातवीत होतीस."

तिचं हसू मावळलं. "मग तिला सांगितलं का नाही?"

"रोज वाटायचं, आज सांगू. पण ती चोरून खटका सरकवायची ना, ते बघायला मजा यायची. म्हटलं, सांगू कधीतरी."

मुलगी ब्रश धुवायला लागली. मग म्हणाली, "आई दवाखान्यातसुद्धा म्हणायची, तुझ्या बाबांना एकदा तरी माझं पटायला हवं होतं."

घड्याळजी स्टूल उचलून घरात गेला.

हल्ली तो बाईंच्या जागेवर बसतो. काल पुढे ट्रक आला. मुलीचा हात पुढे येण्याआधी त्याचं थरथरतं बोट माझ्यावर आलं. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा त्यानं मला उजवीकडे नेलं.

"तुझंच बरोबर होतं गं," तो म्हणाला. मुलीला वाटलं, तिलाच काही म्हणतोय. तिनं विचारलं, "काय बाबा?"

माझं काय, मी खटका आहे. ढकलाल तिकडे जातो, मळलो तरी कुरकुर नाही. पण तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाचं बरोबर असेल, तर तो माणूस गाडीतून उतरायच्या आत तसं सांगून टाका.