ओढीच्या पाण्याची काठी

यांनी आपली गळाची काठी सोबत गळ टाकणाऱ्या मिशीवाल्या भावजींना देऊन टाकली तेव्हा मी घरात नव्हते. असते तर देऊच दिली नसती. परत आले तर दारामागचा कोपरा रिकामा, आणि हे खिडकीपाशी बसून नळाची एक जुनी चकती फडक्याने पुसताहेत. मी विचारलं, "काठी कुठंय?" म्हणाले, "ज्याला उपयोग आहे त्याच्याकडे." संपलं.

हे नळकाम करायचे. एका इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी सरकवताना उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं, हात चालू लागला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तो कानाच्या वर जाणार नाही. जेवता येतं, सही करता येते, पान्हा फिरवता येतो. गळाला बांधलेलं जड शिसं लांब फेकता येत नाही. आणि नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या खडकावर सुट्टीच्या दिवशी उभं राहून शिसं फेकणं, हा या माणसाचा एकुलता एक नाद. काठी गेल्यापासून हे नदीकडे फिरकेनात. मग कामाच्या ठिकाणी जाईनात. मग जिनाही उतरेनात. मला भीती वाटायला लागली. भांडणारा नवरा मला चांगला माहीत होता, त्याच्याशी मी संसार केला होता. हा खिडकीतला गप्प माणूस कोण, तेच मला उमगेना.

म्हणून मी ठरवलं की नवी काठी आणायची आणि दारामागे उभी करायची. पुढचं पुढे. मी शिवणकाम करते, त्यामुळे माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. गिऱ्हाईक जुनं, कापड नवं.

आधी भावजींना गाठलं. ते म्हणाले, "वहिनी, तयार रॉड घेऊ नका. नुसता ब्लँक निवडा आणि त्यावर बांधून घ्या. ओढीच्या पाण्याला लांब, कडक, कार्बन. डोळे झाकून." मी वाटभर घोकत गेले. लांब, कडक, कार्बन. ब्लँक म्हणजे काय हे विचारायचं राहूनच गेलं.

काठीवाल्याचं दुकान सायकल दुरुस्तीच्या मागच्या गल्लीत. आत व्हार्निशचा वास, आणि भिंतीलगत पिंपांत उभ्या केलेल्या काळ्या, करड्या, पिवळट काठ्या. तो एका काठीवर गळाची दोरी ओवायची कडी धाग्याने बांधत होता. वेढ्याला वेढा इतका चिकटून की मी बघतच राहिले. त्याने वर न बघता विचारलं, "काय हवंय?"

"लांब, कडक, कार्बन," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"ओढीच्या पाण्यासाठी. ब्लँक."

"मग कडक नको," तो म्हणाला, आणि तिथेच माझं पाठांतर वाया गेलं.

ब्लँक म्हणजे नुसती पोकळ काठी, हे तिथे कळलं. मूठ नाही, कड्या नाहीत, रीळ बसवायची जागा नाही. आमच्याकडे कापडाचा तागा असतो तसं, शिवायचं काय ते नंतर. इथवर ठीक होतं. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. ओढीच्या पाण्यात शिसं जड लागतं, नाहीतर तळाला टिकत नाही, वाहून जातं. जड शिसं फेकायचं तर काठीची कंबर भक्कम हवी. पण शेंडा कडक असला तर पाण्याचा प्रत्येक हिसका सरळ शिशाला बसतो आणि ते उखडतं. म्हणून शेंडा मऊ हवा. शेंडा फार मऊ असला तर फेकताना लडबडतो.

"म्हणजे कडक का मऊ?" मी विचारलं.

"दोन्ही."

"आणि लांब?"

"लांब काठीने तंगूस, म्हणजे गळाची दोरी, पाण्याच्या वर राहतो, ओढ कमी लागते. पण काठी लांब तेवढा खांद्यावर भार."

मी कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाला घट्ट पण सैल कोट हवा असतो, ते मला समजतं. तिथे निदान आरसा असतो.

त्याने दोन ब्लँक काढले आणि मला गल्लीत नेलं. एकेकाच्या शेंड्याला दोरी बांधून तो लांब जाऊन ओढायचा, आणि मी बुडखा धरून उभी. पहिला, भावजींच्या पसंतीचा, लांब काळा. तो वाकायचं नावच घेईना. ओढ सगळी माझ्या दंडात आली. दुसरा त्याहून आखूड, करडा. शेंडा चटकन झुकला, मग मध्यावर येऊन थांबला, जणू म्हणाला, बस, आता पुढे मी बघतो. मला तो आवडला. का आवडला ते विचारू नका, मला सांगता येणार नाही.

"वाकलेला असतो तेव्हा सगळं ठीक," काठीवाला म्हणाला. "शिसं तळाला धरून आहे. एकदम सरळ झाला की मासा."

"उलटं ना? मासा ओढतो तेव्हा वाकणार."

"ओढीच्या पाण्यात नाही. मासा घास घेतो, शिसं उखडतं, तंगूस सैल पडतो, शेंडा सरळ होतो."

मी मान डोलावली. घंटा काही कळलं नव्हतं.

मग त्याने विचारलं, "फेकणार कोण?"

मी म्हटलं, आमचे हे. तो म्हणाला, त्यांना घेऊन या. मी म्हटलं, ते येणार नाहीत. मग सगळंच सांगितलं, खांदा, टाकी, खिडकी. परक्या माणसासमोर, मेलं भानच राहिलं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी हळू. "मग फेकणार कोण?"

मला काठी दारामागे उभी करायची होती, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापुढे माझं डोकं गेलंच नव्हतं. आणि हा बाबा म्हणत होता, माणूस समोर नसेल तर मी रिळाची जागा ठरवत नाही, मूठ कापत नाही. मला राग आला. माणूस समोर नसताना मी कितीतरी शर्ट बेतलेत. घरातलं जे कुणी आलं असेल त्याचं माप घ्यायचं, बाहीला दोन बोटं वाढवायची, कात्री लावायची. आमच्या शिवणकामात असं सगळेच करतात.

"माझंच माप घ्या," मी म्हटलं.

"नक्की?"

"अहो घ्या म्हटलं ना."

त्याने करड्या ब्लँकचा बुडखा माझ्या काखेत दिला, हात पुढे करायला लावला आणि मूठ आली तिथे रिळासाठी खडूने खूण केली. खडू अगदी माझ्याकडे असतो तसाच. त्यामुळे मी निर्धास्त झाले. दोन बोटं वाढवायची हे त्याला सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नाही.

काठी तयार होऊन आली. मी ती दारामागे उभी केली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत राहिले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाहेर आले तर यांनी काठी उचलली होती. बुडखा काखेत, हात रिळाकडे. हात रिळाच्या पुढे गेला. यांनी मागे घेतला, पुन्हा धरून पाहिलं.

"ही कुणाची?"

"कुणाची म्हणजे? तुमची."

"माझी नाही." यांनी काठी माझ्याकडे केली. "तू धर बरं."

धरली. रीळ बरोब्बर मुठीत आलं. माझ्या अंगाची काहिली झाली. "त्या माणसाला दोन बोटं वाढवता येत नाहीत? आत्ता जाऊन तोंडावर फेकते त्याच्या."

"थांब," हे म्हणाले. यांनी शेंडा दोन बोटांत धरून वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला. "ब्लँक कुणी निवडला?"

"मी. म्हणजे त्याने. म्हणजे मला लांब कडक घ्यायचा होता, पण तो म्हणाला दोन्ही, आणि मला त्यातलं काहीएक कळलं नाही हो." आणि मी रडायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, यांच्यासमोर. "मला वाटलं काठी दिसली की तुम्ही उठाल."

यांनी शेंडा सोडला. म्हणाले, "ओहोटी लागेल आता. चप्पल नको, बूट घाल."

जिना आम्ही दोघं उतरलो. इतके महिने बसून काढलेले, यांना उभं राहवणार नाही म्हणून मी घडीचं स्टूल पिशवीत घेतलं.

खडकावर वारा होता. पाणी समोरून असं सुटलेलं की बघून भोवळ यावी. यांनी शिशाला तारेचे पाय होते ते तळाला रुतावेत म्हणून वाकवून दिले, बोट तंगुसावर कसं ठेवायचं ते दाखवलं, आणि म्हणाले, "समोर नाही. वरच्या अंगाला, पाणी येतं तिकडे फेक. पाणी आणेल."

पहिलं शिसं माझ्याच पायाशी पडलं. दुसरं मागे. भावजी बाजूच्या खडकावरून बघत होते, मिशीत हसले असणार, मी तिकडे पाहिलंच नाही. "खांद्याने नको," हे म्हणाले, "कंबरेने. काठी काम करते, तू करू नकोस." मग एकदा कसं कोण जाणे, ते गेलं. लांब गेलं. शेंडा वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"असं धरून ठेवायचं?"

"असंच."

किती वेळ गेला माहीत नाही. एकाएकी शेंडा सरळ झाला. हातातलं सगळं वजन नाहीसं झालं.

"तुटलं हो. माझ्याने तुटलं."

"तुटलं नाही. मासा आहे. गुंडाळ. भरभर गुंडाळ." यांचा आवाज ऐकून मी चमकले. आमच्या जुन्या भांडणांतला आवाज होता तो. अगदी कानाशी आला.

मी गुंडाळत राहिले, तंगूस पुन्हा ताठ झाला, काठी कंबरेपर्यंत वाकली. घाबरून मी मागे ओरडले, "तुम्ही बसून राहा, इथं निसरडं आहे." आणि वळून पाहिलं तर हे माझ्या शेजारी उभे होते, डावा हात माझ्या पाठीशी धरून. स्टूल पिशवीतच होतं.