मी पासवर्ड विसरलेले नाही

मी पासवर्ड विसरले नव्हते. सकाळपासून हे इतक्यांदा सांगितलं की भिंतींनाही पाठ झालं असेल, पण माझ्या लेकीला पटेल तर शपथ.

शिंप्यांना कटिंगचे कागदी नमुने काढून देणं हा माझा धंदा. कॉम्प्युटरवर नमुना आखायचा आणि शेजारचा टेबलाएवढा प्रिंटर तो कागदावर उतरवतो. दोघेही म्हातारे. नवा कॉम्प्युटर या प्रिंटरला ओळखच दाखवत नाही, म्हणून जुनाच चालवते. परवा प्रिंटरने अंग टाकलं. त्याचं सॉफ्टवेअर पुन्हा घालायचं तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत शिरावं लागतं, आणि त्या खात्याला पासवर्ड. एरवी माझं रोजचं खातं साधं, तिथे पासवर्डबिसवर्डची भानगड नाही. माऊस आणि आकड्यांची बटणं, एवढ्यावर माझं भागतं.

शाळेच्या गणवेशांचे नमुने उद्या द्यायचे होते आणि पडद्याचं एकच पालुपद चाललं होतं: पासवर्ड चुकीचा.

पासवर्ड होता ‘दगडधोंडा’, इंग्रजी अक्षरांत. तो मी नवऱ्यावरून ठेवलाय, असं नवरा अगदी जाईपर्यंत म्हणत राहिला. असला शब्द कोण विसरेल?

“आई, वय झालं की होतं असं,” लेक म्हणाली. ती अशा समजूतदार आवाजात बोलायला लागली की माझं डोकं फिरतं. “जन्मतारीख टाकून बघू या? तुझी नाहीतर बाबांची?”

“माझी अक्कल टाकून बघ.”

“चिडू नकोस ना. डॉक्टरना सगळं सांगू आपण.”

तर तो डॉक्टर. मला न विचारता तिने त्याची वेळ घेऊन ठेवली होती, आणि काम बंद कर, माझ्याकडे राहायला ये, हे टुमणंही लावलं होतं. तिला बोल तरी काय लावणार? माझ्या आईचं तेच झालं होतं. आधी नावं गेली, मग रस्ते, मग आम्ही. लेकीने ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. खरं सांगते, दुपारपर्यंत मलाही धाकधूक वाटायला लागली. स्वयंपाकघरात जाऊन मी तो शब्द हळूच म्हणून पाहिला. आला. पण पासवर्ड हाच होता का, अशी शंका मनात आली.

तेवढ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. “काय काकू, विसरलात होय? सगळेच विसरतात.”

“मी विसरलेले नाही.”

“बरं बरं,” तो म्हणाला, आणि त्याने लेकीकडे पाहिलं. ते पाहणं मला फार झोंबलं.

“असल्या जुन्या विंडोजमध्ये मूळचा एक ॲडमिनिस्ट्रेटर लपलेला असतो,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “त्याला बहुतेक पासवर्डच नसतो. त्याच्या नावाने आत शिरू आणि तुमचा पासवर्ड बदलून टाकू.”

त्याने दोन-चार बटणं दाबून नाव लिहायची चौकट आणली, टकाटक ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलं आणि एंटर मारलं. चुकीचं. पुन्हा लिहिलं. पुन्हा चुकीचं.

“आता तुम्हीही विसरलात वाटतं,” मी म्हटलं.

तो खाली बटणांकडे बघून लिहीत होता, मी वर पडद्याकडे बघत होते. “थांबा. यातला डी कुठे गेला?”

त्याने डी दाबला. काही नाही. बोटाने ठोकला, तरी काही नाही. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके उमटतात, त्यात एखादं अक्षर गळालं तर कुणाला कळणार? आणि माझ्या दगडधोंड्यात तर डीच डी! दुरुस्तीवाल्याने पिशवीतून दुसरा कीबोर्ड काढून जोडला. त्याला उठवून मी खुर्चीत बसले, माझ्या पासवर्डवाल्या खात्यावर गेले आणि एकेक अक्षर दाबलं. पहिल्याच फटक्यात उघडलं.

मला नाचावंसं वाटलं. दुरुस्तीवाला प्रिंटरकडे वळला.

“आता लाव त्या डॉक्टरला फोन,” मी लेकीला म्हटलं. “सांग, आई शुद्धीवर आहे. बटण मेलं होतं.”

ती हललीच नाही. तिचा चेहरा पार उतरला होता. हरल्याचा राग आला असेल, असं मला वाटलं.

“आजी पण असंच म्हणायची,” ती म्हणाली. “माझी किल्ली बरोबर आहे, कुलूपच बिघडलंय. दाराशी उभी राहून रडायची.”

“हो. आठवतंय.”

“मग बिघडलं होतं का ते?”

ते कुलूप आम्ही कुणी तपासलंच नव्हतं.