राखणदाराचा घोट

सरकारनं दारू बंद केली आणि परळच्या गल्लीगल्लीत ती सुरू झाली. माणसांवर गोळ्या झाडायला पोलीस मिळाले, भट्ट्या फोडायला मात्र मिळाले नाहीत. छप्पनच्या जानेवारीत, मुंबईसह महाराष्ट्र मागताना, गिरणीत कुशाबाच्या शेजारच्या साच्यावर कापड विणणारा वसंत गोळी लागून रस्त्यात पडला तो उठलाच नाही. दुसऱ्याच पाळीला त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा. गिरणी खडखडत राहिली. कुणाचं काय अडलं होतं? कुशाबाचं अडलं. पाळी सुटली की तो गुत्त्यावर बसू लागला, आणि आषाढापर्यंत माणसाचं चिपाड झालं.

"परत प्यालात तर बेबीला घेऊन मी गुहागरला जाते," त्याची बायको सुभद्रा म्हणाली. "मग करा बाटलीशी संसार." सुभद्रा उगाच बोलणारी नव्हती. ट्रंक भरून तिनं दाराशी ठेवली होती.

चाळीतल्या बाल्या नाचाचा म्होरक्या धोंडूबुवा, कुशाबाचा गाववाला. तो घुंगरांचा पट्टा घेऊन आला आणि कुशाबाच्या उजव्या पायाला गच्च आवळून म्हणाला, "गणपतीपर्यंत हा सुटायचा नाय. गुत्त्याकडं पाय वळला की सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल."

नळावर शेजारच्या गंगुबाईनं लगेच तोंड सोडलं. "काय गे सुभद्रे, बैल कुठं जुंपलास?"

"बैल शहाणा गे बाय. पाणीच पितो."

दिवेलागणीला घसा कोरडा पडे, कातडीखालून मुंग्या चालत. नेमक्या त्याच वेळी बुवा रघुवीर मृदंगवाल्याला घेऊन चाळीमागच्या अंगणात येई. "उचल पाय, मेल्या!"

पहिले काही दिवस कुशाबा ओकला, पडला, बुवाला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मग एका संध्याकाळी पाय आपोआप पडू लागले. डोळे मिटले तशी फरशी मऊ झाली. घोट्यापर्यंत चिखल आला, भातलावणीच्या दिवसांतला, कोमट. साच्यांची खडखड, जी झोपेतही त्याच्या कानात चाले, ती हळूहळू लांब गेली आणि खाडीपलीकडच्या समुद्रासारखी गाजत राहिली. फेरात त्याच्या पुढं कुणीतरी नाचत होतं. पाठ वसंतची होती. कुशाबानं हाक मारली नाही. नुसता त्याच्या पावलावर पाऊल टाकत फिरत राहिला. डोळे उघडले तेव्हा अंगणात अंधार होता, अंग घामानं निथळत होतं, आणि दारूची आठवण आलीच नव्हती.

असा श्रावण गेला. गणपतीच्या दिवशी टोळी सजली, फेटे चढले. मुंबई आपली म्हणून सांगणारं नवं गाणं बुवानं बांधलं होतं. पण नाचाआधी गावच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायची रीत. गणपतीसमोर नाही, अंगणाच्या कोपऱ्यात त्याच्या नावानं मांडलेल्या दगडापाशी. बुवानं नारळ फोडला, दारूची बाटली उघडली, दगडावर धार धरली. "बा राखणदारा, तुझी लेकरं परमुलखात नाचतायत, सांभाळून घे!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

उरलेली दारू करवंटीत ओतून बुवा एकेकापुढं करू लागला. वास आला आणि कुशाबाच्या जिभेला पाणी सुटलं. वर गॅलरीत सुभद्रा बेबीला कडेवर घेऊन उभी होती.

"बुवा, मला नको."

"येडा काय? ही दारू हाय?" बुवा खरंच चकित झाला. ज्यानं महिनाभर त्याला बाटलीपासून ओढून धरलं, तोच आता बाटली पुढं करत होता, आणि त्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं. "परसाद हाय हा! नाय म्हणशील तर टोळीवर कोप होईल. बोट तरी बुडव."

बोट! कुशाबाला ठाऊक होतं, बोटामागून हात जाणार, हातामागून सगळा कुशाबा. बाकीचे नाचे कुजबुजू लागले. देवाला नाही म्हणणारा फेरात कसा चालेल?

करवंटी तोंडाशी आली तसा कुशाबानं उजवा पाय उचलून जमिनीवर हाणला. पुन्हा हाणला. फेर सुरू झाला की नाचणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, हीसुद्धा रीतच होती. रघुवीरनं बुवाकडं पाहिलं, कुशाबाकडं पाहिलं, आणि मृदंगावर थाप टाकली. नाचे गोंधळले. मग एक आत आला, दुसरा आला, फेर फिरू लागला.

बुवा करवंटी घेऊन मधोमध उभा. गाणं त्यालाच म्हणायचं होतं, झांज दोन्ही हातांनी वाजवायची होती. "तुझ्या मायला!" तो पुटपुटला, करवंटी दगडावर रिती केली, "घे बा, याच्या वाटणीची तूच पी," आणि झांजा उचलून गाऊ लागला.

कुशाबाच्या पायाखाली चिखल आला. समुद्र गाजू लागला. गॅलरी, सुभद्रा, पताका, सगळं पाण्यातून दिसावं तसं हललं आणि गोल फिरू लागलं.

गाणं संपलं. नाचे धापा टाकत थांबले. बाटली अजून दगडापाशीच होती, तळाशी थोडी उरलेली. कुशाबानं ती पाहिली. पाय थांबवले नाहीत.

"बुवा," तो धापत म्हणाला, "दुसरं म्हणा. लगेच म्हणा."