फिल्मला पडलेली दोन भोकं

एक्स-रेत दादाच्या उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला नऊ मिलिमीटरचा डाग दिसला आणि डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅन लिहून दिला. सरकारी हॉस्पिटलात तो फुकट होता, पण नंबर चार महिन्यांनी. खासगीत चार दिवसांत मिळत होता, दोन महिन्यांच्या घरभाड्याइतक्या पैशांत. मी सात हॉस्पिटलांना फोन केले. सगळ्यात स्वस्त ठिकाण तीन तासांवर निघालं आणि तेही दीड महिन्याचं भाडं मागत होतं.

"करून टाकू," वहिनी म्हणाली. "चार महिने हा छताकडे बघत झोपणार का?"

"मी कुठे बघतो? छतच माझ्याकडे बघतं," दादा म्हणाला.

पुढच्या आठवड्याची खासगी वेळ मी धरून ठेवली आणि रिपोर्ट पुन्हा वाचला. शेवटून दुसरी ओळ होती: तुलनेसाठी जुना एक्स-रे उपलब्ध नाही. ती आम्ही तिघांनीही सोडून दिली होती. आम्हाला खरं तर एवढंच कळायला हवं होतं, की डाग वाढतोय का. आणि दादाने सहा वर्षांपूर्वी, पहिल्या नोकरीला लागताना, छातीचा एक्स-रे काढला होता.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तेव्हाही डाग एवढाच असेल, तर स्कॅन नको. पण फोनवरचा फोटो चालणार नाही. फिल्म हवी, नाव आणि तारखेसकट."

घरी आई-बाबांना व्हिडिओ कॉल लावला. "आहे की," आई म्हणाली. "कपाटावर, मोठ्या पाकिटात." बाबा उठले आणि फिल्म घेऊन आले. त्यांनी ती खिडकीसमोर धरली. फिल्मला दोन चौकोनी भोकं होती. एकातून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसत होती.

"बाबा, हे काय?"

"मागच्या वर्षी ग्रहण बघायला कापली, आम्हा दोघांना एकेक तुकडा. सगळ्यात काळा भाग बघून घेतला."

छातीच्या फिल्मवर सगळ्यात काळी दिसतात ती फुफ्फुसं, कारण हवा क्ष-किरणांना फारसं अडवत नाही. बाबांनी नेमकं तेच कापून काढलं होतं. फिल्ममधून सूर्य बघू नये, हे सांगायची ती वेळ नव्हती. तरी मी सांगितलं.

"तू आधी तुकड्यांचं बघ," दादा म्हणाला.

आईचा तुकडा शिवणाच्या डब्यात सापडला. बाबांनी तो भोकांवर लावून पाहिला. डाव्या फुफ्फुसाच्या जागी चपखल बसला.

"उजवा माझ्याकडे होता," बाबा म्हणाले. "पुस्तकात खूण म्हणून घातला होता."

"कुठल्या पुस्तकात?"

"ते वाचनालयात परत केलं."

आई म्हणाली, "मुलाची छाती वाचनालयाला देऊन आले हे."

बाबा तसेच चप्पल घालून निघाले. तीन पुस्तकं उलटीपालटी करून झाल्यावर चौथ्यात, एकशे बाराव्या पानावर, तुकडा मिळाला. त्यांनी तिथल्याच खिडकीसमोर धरून फोटो पाठवला. दुसऱ्या बरगडीच्या खाली एक पांढरा ठिपका होता. दादाने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. "तोच वाटतो," तो म्हणाला. वहिनीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

कुरियरला पाच दिवस लागले. खासगी वेळेच्या आदल्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांच्याकडे फिल्म बघायचा दिवा उरला नव्हता. सगळं काम आता कॉम्प्युटरवर. त्यांनी पडदा कोरा पांढरा केला आणि त्यावर फिल्म धरली. कोपऱ्यातलं नाव आणि तारीख वाचली. तुकडे पारदर्शक चिकटपट्टीने जोडले, कडा जुळतात का ते बोट फिरवून पाहिलं आणि मोजपट्टी लावली.

नऊ मिलिमीटर.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग शेजारच्या खोलीतल्या रेडिओलॉजिस्टना बोलावलं. त्यांनी दोन्ही एक्स-रे आलटून पालटून पाहिले, तेव्हा मी दादाकडे बघायचं टाळलं.

"सहा वर्षांत जराही बदल नाही," रेडिओलॉजिस्ट म्हणाले. "जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाचा व्रण आहे. स्कॅन नको. वर्षभराने एक साधा एक्स-रे काढा."

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनच्या कागदावर आडवी रेघ मारली. वहिनीने तिथूनच खासगी हॉस्पिटलला फोन करून वेळ रद्द केली. दादाने बाहेरच्या बाकावर बसून घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही कापल्याने काही बिघडलं नाही."

"कडा जुळल्या ना नीट?" बाबांनी विचारलं. "मी पट्टी लावूनच कापलं होतं."