खंडेनवमीची दुनळी

अबोलीने बोटाला लागलेलं श्रीखंड चाटलं आणि त्याच बोटाने बंदुकीच्या नळीवरचा कुंकवाचा टिळा नीट केला.

"गुणाची गं माझी ती," तिची आजी शकुंतलाबाई जेवता जेवता म्हणाल्या. "सात वर्साची हाय, पर पूजा बिघडू देत न्हाई."

पूर्णिमा ताटातली पुरी नुसतीच मोडत राहिली. आयर्लंडमधल्या एनिसपासून चार मैलांवरच्या या घरात येऊन तिला तास होत आला होता. आल्या आल्या दिसली होती ती ही दुनळी बंदूक. दिवाणखान्यात, टीव्हीखाली, पाटावर लाल कापड घालून मांडलेली. एका बाजूला अबोलीच्या बाबांचा, विक्रांतचा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला तिच्या आईची, रेवतीची शिवणाची कात्री आणि अबोलीची कंपासपेटी. सगळ्यांवर हळदकुंकू, सुपरमार्केटातली शेवंती आणि थोड्या अक्षता. उदबत्तीच्या वासात बंदुकीच्या तेलाचा वास मिसळला होता आणि त्या मिश्रणावर केशर-वेलचीचं श्रीखंड खायचं होतं. तरी ती "वा, छान मांडलंय" म्हणाली होती आणि ताटावर बसली होती. दसऱ्याच्या दिवशी जेवायला बोलावलंय, उंबऱ्यातच कुठे शिकवणी लावायची!

"काल खंडेनवमीला शस्त्रपूजा केली," विक्रांतने तिला पुन्हा वाढत सांगितलं. "आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या हातात पेनापेक्षा जड काही नव्हतं. मी पहिला. शूटिंग क्लबमध्ये मातीच्या थाळ्या उडवतो दर रविवारी, तुला माहितीच आहे. बाबा असते तर छाती फुगली असती त्यांची."

"आणि कालपासून ही इथेच आहे?"

"मग? पूजेला मांडलं की संध्याकाळच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही. नंतर थेट प्रेसमध्ये लॉक." कपाटाला प्रेस म्हणायची सवय त्याला इथे आल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच लागली होती. "हा फोटो बघितलास का ग्रुपवर? सकाळपासून बहात्तर लाइक्स."

त्याने फोन पुढे केला. अबोली पाटामागे पालथी पडली होती, गाल दस्त्याला टेकवून, एक डोळा मिटून. दोन्ही नळ्यांची काळी तोंडं सरळ कॅमेऱ्याकडे. खाली मुठी आवळलेल्या इमोजींची रांग लागली होती. कुणी 'वाघीण' लिहिलं होतं, कुणी 'क्षत्रियकन्या'. डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या काचेच्या कचेऱ्यांमधून दिवसभर कोड तपासणारी ही माणसं, घरी साधा उंदीर निघाला तर खुर्चीवर चढतील. पूर्णिमाला त्या सगळ्यांचीच किळस आली.

"बंदूक हलवली नाही हं," विक्रांत हसून म्हणाला. "तिलाच मागे झोपवलं आणि मी पुढ्यात मांडी घालून क्लिक केलं."

रेवती स्वयंपाकघरातून वरणाचं पातेलं घेऊन आली. तिने फोनकडे पाहिलं नाही.

उन्हाळ्यात गार्डा स्टेशनवरून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, पूर्णिमाच्या दवाखान्यात फोन आला होता. विक्रांतने परवान्याच्या अर्जात फॅमिली डॉक्टर म्हणून तिचं नाव दिलं होतं. दारू, नैराश्य, संताप, काही काळजीचं? दोन पेशंटच्या मधल्या अर्ध्या मिनिटात तिने सांगून टाकलं होतं, काही नाही, सज्जन माणूस आहे. घरात मूल आहे का, हे त्या गार्डाने विचारलं नाही आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही. अबोलीच्या लशी तिनेच टोचल्या होत्या. मूल आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"आणि काडतुसंसुद्धा मांडलीत, बघ," विक्रांत म्हणाला. "पाच. पाच पांडव!"

पूर्णिमाने पाटाकडे पाहिलं. चांदीच्या तबकात लाल काडतुसं होती. तिने एकदा मोजली, मग पुन्हा मोजली.

"चारच आहेत."

"पाच आहेत गं. मी स्वतः ठेवली."

ती उठली. हात खरकटा होता, तो तिने तसाच साडीला पुसला. पाटाशी वाकली तशा शकुंतलाबाई घाईघाईने म्हणाल्या,

"आवं डाक्टरबाई, हात नका लावू! पूजेतलं हत्यार हाय ते. मोडल्या पूजेचं वाईट असतं."

"अबोली, तू माझ्या मागे ये. सगळे माझ्या मागे या."

क्लेअरच्या या परगण्यात अकरा वर्षं काढल्यावर डॉक्टरला औषधांपलीकडचंही बरंच शिकावं लागतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बायको गेली, त्याला जगावंसं वाटेना, तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून पूर्णिमानेच त्याच्याकडून बंदूक मागून घेतली होती. सोबतच्या गार्डाने तिला तिथेच दाखवलं होतं, आधी काय करायचं ते. तिने दुनळी उचलली, तोंड रिकाम्या भिंतीकडे केलं आणि अंगठ्याने वरची कळ सरकवली. बंदूक मधोमध वाकली. शेवंतीचा हार खाली पडला.

वरच्या नळीतून पलीकडचा उजेड दिसला. खालच्या नळीत पितळेची गोल चकती चमकत होती.

पूर्णिमाने काडतूस नखाने ओढून काढलं आणि तळहातावर धरून विक्रांतला दाखवलं.

"आय पुट दॅट इन," अबोली म्हणाली. शाळेतल्या बक्षिसाबद्दल सांगावं तसा तिचा आवाज होता. "लाइक डॅडी डझ अ‍ॅट द क्लब. इट क्लोजेस रिअली हार्ड."

"कधी गं, राणी?" पूर्णिमाने विचारलं.

"यस्टरडे. आजी वॉज हॅविंग हर नॅप."

काल. आणि फोटो आज सकाळचा. विक्रांतला हा हिशोब समजायला दोन-तीन क्षण लागले. मग त्याने हळूच फोन उचलला आणि उलटा करून ठेवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण माणूस मुळात चलाख. रंग परत येण्याआधी शब्द आले.

"सेफ्टी लावलेली होती. असणारच. आणि झालं तर काही नाही ना! देवाची कृपा."

"देवीनंच राखलं," शकुंतलाबाईंनी हात जोडले. "पूजा केली म्हनून."

पूर्णिमाने बंदूक तशीच उघडी वाकवून धरली, काडतुसं रुमालात बांधली आणि विक्रांतला कपाट उघडायला लावून सगळं आत ठेवलं. दोन्ही कुलपं लागल्याचं ओढून बघितलं. किल्ल्या मागितल्या.

"किल्ल्या कशाला? माझ्या नावावर आहे लायसन्स," विक्रांत म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पूर्णिमा, हे घरातल्या घरात राहू दे. सिटिझनशिपचा अर्ज आत आहे माझा. एका फोनने सगळं बाराच्या भावात जाईल. आपली माणसं आपणच नाही सांभाळायची तर कुणी?"

"अबोली माझी पेशंट आहे, विक्रांत."

"आणि मी नाही का?"

"तुझ्याबद्दल मला विचारलं होतं. मी चुकीचं सांगितलं."

तिने त्याच्या हातातून किल्ल्या घेतल्या, चपला घातल्या आणि बाहेर पडली. अंगणात बारीक पाऊस भुरभुरत होता. गाडीत बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, हातांना अजून श्रीखंडाचा आणि तेलाचा वास येतोय. ओल्या कागदाने तिने हात पुसले, पुन्हा पुसले.

काचेवर टकटक झाली. रेवती होती, डोक्यावर ओढणी, पायात नवऱ्याचे मोठे बूट. आता रडारड, गयावया. पूर्णिमाने मनातल्या मनात उत्तर जुळवलं आणि काच खाली केली.

"आत्ताच कर फोन," रेवती म्हणाली. "उद्यावर टाकलास तर हेच आधी जाऊन काहीतरी सांगून येतील. गोड बोलायला पक्के आहेत."

पूर्णिमाने फोन हातात घेतला.

"मग तू का नाही हलवलीस गं? काल दिवसभर?"

"मी दोनदा म्हणाले, हलवा. सासूबाई म्हणाल्या, अपशकुन करतेस. हे म्हणाले, तुला बंदुकीतलं काय कळतं. रात्रभर मी सोफ्यावर झोपले, अबोलीच्या आणि पाटाच्या मध्ये. काल दुपारी मात्र कामावर जावं लागलं होतं." तिने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "म्हणून तर तुला आज बोलावलं. म्हटलं, आल्या आल्या डॉक्टर बोलेल. डॉक्टरचं ऐकतात."

"रेवती..."

"तू म्हणालीस, छान मांडलंय."

त्यात राग नव्हता. नुसतं सांगितल्यासारखं तिने सांगितलं आणि बूट फटफटवत ती घराकडे गेली. दारात अबोली उभी होती. रेवतीने तिला कडेवर घेतलं. एवढ्या मोठ्या मुलीला घेताना ती जराशी कलली.

पूर्णिमाने स्टेशनचा नंबर लावला. नाव सांगितलं, व्यवसाय सांगितला, पत्ता सांगितला. बंदूक भरलेली होती, घरात सात वर्षांची मुलगी आहे, परवान्याच्या वेळी मीच होकार दिला होता, हेही सांगितलं. पलीकडचा तरुण गार्डा शांतपणे टाइप करून घेत होता. आता किल्ल्या कुणाकडे, असं त्याने विचारलं. माझ्याकडे, ती म्हणाली. गाडी पाठवतो, तिथेच थांबा, तो म्हणाला. मग नोंदीसाठी त्याने आणखी एक विचारलं. तुम्ही आत गेलात आणि बंदूक पहिल्यांदा पाहिलीत, ती किती वाजता?

गाडीतल्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"साडेबाराला," पूर्णिमा म्हणाली.

पलीकडचा टाइपिंगचा आवाज थांबला. म्हणजे दीड तासापूर्वी, तो म्हणाला. हो, ती म्हणाली.