पहिलवानाचा पंखा

थोरल्या सुनेने ट्रकच्या हिटरचं बटण एकवर केलं, दोनवर केलं, तीनवर केलं. आतून हूं नाही की चूं नाही.

पहिलवान म्हणजे घरचा जुना ट्रक. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तो घेतला तेव्हा खरोखरच दांडगा होता, नाव तेव्हाचं. आता चढाला लागला की कुरकुर करायचा, पण इंजिन अजून ठणठणीत. बंद होता तो फक्त हिटरचा पंखा, आणि नेमकं त्याच्यावरच सगळं अडलं होतं.

झालं होतं असं. थोरली बरीच वर्षं शाळेची व्हॅन चालवायची. शाळेने स्वतःची बस घेतली आणि बाई घरी बसल्या. घरी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. चार दिवसांत तिने घरातले सगळे डबे घासून पुन्हा जागा बदलून ठेवले, तेव्हा सासूनेच हात जोडले. मग कळलं की डेअरीला घाटापलीकडून रोज पहाटे दूध आणायला गाडी हवी आहे. जड गाडीचं लायसन्स तिच्याकडे होतं, गाडी अंगणात होती. डेअरीचा सुपरवायझर म्हणाला, "ताई, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण थंडीत घाटात काचेवर अशी वाफ धरते की पुढचा दगड दिसत नाही. काचेवर गरम वारा मारणारा हिटर चालू पाहिजे. तो नसेल तर मी हो म्हणणार नाही."

तो आज दुपारी गाडी बघायला येणार होता. आणि उद्या येणार होता जुन्या गाड्यांचा दलाल. त्याला धाकट्या दिराने बोलावलं होतं. थोरलीचा नवरा बोटीवर नोकरीला. त्याचा फोन लागला तर लागला. लागला तेव्हा त्याने निकाल देऊन टाकला होता: डेअरी हो म्हणाली तर ट्रक तुझा, नाहीतर भाऊ म्हणतो तसं विकून टाका.

दीर काही दुष्ट नव्हता. अंगण मोकळं व्हावं एवढीच त्याची इच्छा. विकायची गाडी चकचकीत दिसावी म्हणून गेल्या महिन्यात त्याने केबिन आतून-बाहेरून रंगवली होती, तीही जीव ओतून. हौशी माणूस. ब्रश हातात आला की कुठे थांबावं हे त्याला कळत नसे. एकदा त्याने घराच्या दाराबरोबर कडीकोयंडाही रंगवला, आणि तो चिकटून बसल्यावर सगळं घर मागच्या दाराने ये-जा करत होतं.

राहिले आबा. गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. दिवसभर ओसरीवर खुर्चीत बसायचे, समोर पहिलवान. चार-पाच शब्द तेवढे शाबूत होते. हो, नको, चहा, आणि सासूला हाक मारायची ती "अगं". अलीकडे त्यात एक भर पडली होती. थोरली ट्रकमध्ये चढली की आबा डावा हात उचलून म्हणायचे, "अर्थ... नाही."

त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. धडधाकट होते तेव्हाही पेपर वाचून आबा हेच म्हणत: ह्याला काही अर्थ नाही. चहा पातळ झाला तरी अर्थ नाही, जावयाचं पत्र लांबलं तरी अर्थ नाही. सासू म्हणाली, "जीभ गेली पण खोड नाही गेली."

थोरलीला मात्र ते लागलं. दिराने नाक मुरडलं तर ती एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची. पण ह्याच ट्रकवर आबांनी तिला गिअर टाकायला शिकवलं होतं, नवी नवरी असताना, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. तेच आता म्हणतात अर्थ नाही? गेल्या आठवड्यात तिने रागाच्या भरात त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. सासूने ती परत फिरवली आणि दोघींत दिवसभर अबोला राहिला.

आज सकाळी तिने पदर खोचला. आज हा पंखा फिरवायचाच. शेजारचं गॅरेज बंद होतं, म्हणून तिथून टेस्ट लॅम्प तेवढा मागून आणला होता. टोकदार सळई, तिच्या मुठीत छोटा बल्ब आणि मागे वायरीच्या टोकाला चिमटा. चिमटा लोखंडाला लावायचा, सळई वायरीला टोचायची, करंट असेल तर बल्ब पेटतो.

आधी फ्यूज काढला. तार शाबूत. पंख्याला करंट सोडणारा रिले काढून हॉर्नचा रिले त्या जागी बसवला. बटण दाबलं. शुकशुकाट. मग ती डॅशबोर्डखाली आडवी झाली, अर्धी आत, पाय दारातून बाहेर. सीट पुढेमागे सरकून घासून पांढरी पडलेली लोखंडी पट्टी होती, तिला चिमटा लावला आणि पंख्याच्या मोटरकडे जाणाऱ्या लाल वायरीत सळई टोचली. बल्ब लख्ख पेटला.

"म्हणजे करंट मोटरपर्यंत येतोय," ती स्वतःशीच म्हणाली. "मोटर जळली."

इतकी जुनी मोटर आता कुठे मिळायची? तरी तिने ती खोलली. बोटं सोलली, एक स्क्रू हरवला, दोन शिव्या दिल्या, त्यातली एक सासूला ऐकू गेली. मोटर ओसरीच्या पायरीवर आणून तिने बॅटरीला थेट दोन वायरी लावल्या. मोटर अशी भर्रकन फिरली की आबांच्या मांडीवरचा पेपर उडाला.

"चांगली आहे!" थोरली ओरडली. आत जाऊन मोटर परत बसवली. बटण दाबलं. पुन्हा तेच, गप्प.

तिने पायरीवर बसकण मारली. करंट येतो. मोटर फिरते. मग दोघांची गाठ पडली की पंखा का फिरत नाही? दीर चहाचा कप घेऊन आला.

"वहिनी, राहू द्या ना. तो सुपरवायझर येईल, बघेल, जाईल. तुम्ही कशाला हाल करून घेता?"

"भावजी, तो येईपर्यंत गाडी माझी आहे."

"बरं बाई," म्हणत दीर कप तिथेच ठेवून मागे सरला.

आणि तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "अर्थ... नाही."

झालं. इतके दिवस गिळलेलं सगळं थोरलीच्या तोंडावाटे बाहेर पडलं. हातात टेस्ट लॅम्प तसाच, चिमटा लोंबतोय, ती आबांसमोर उभी राहिली.

"हो, कळलं! अर्थ नाही! ट्रकला अर्थ नाही, मला अर्थ नाही! पण आबा, तुम्ही म्हणावं हे? दुसरं कुणीही म्हणालं असतं तर चाललं असतं. तुम्ही नको होतं म्हणायला."

आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मान जोरजोरात हलवली, डावा हात पुढे केला आणि लोंबणारा चिमटा घट्ट पकडला. तो तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"अर्थ," ते म्हणाले.

मग त्यांनी चिमटा सोडला आणि बोट ट्रकच्या उघड्या दाराकडे केलं, डॅशबोर्डखाली, जिथे ती सकाळपासून आडवी पडली होती.

"नाही."

थोरली चिमट्याकडे बघत राहिली. मग तिला एकदम उमगलं.

दुरुस्ती ती शिकली व्हॅनच्या गॅरेजात. तिथली पोरं ह्या लोखंडाच्या जोडणीला 'बॉडी' म्हणत. बॉडी दे, बॉडी लागत नाही, असं. आबांच्या काळचे मेकॅनिक तिला 'अर्थ' म्हणत, इंग्रजीतला जमिनीचा शब्द. करंट लाल वायरीने जातो, काम करतो आणि काळ्या वायरीने गाडीच्या लोखंडात उतरून बॅटरीकडे परत यावाच लागतो. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. लॅम्पचा चिमटा तिने स्वतः चांगल्या लोखंडाला लावला होता, म्हणून बल्ब पेटत होता. मोटरला मात्र तिची काळी वायर होती, आणि तिच्याकडे थोरलीने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"आबा, अर्थ तुटलाय? मोटरचा?"

"हो!" आबा म्हणाले, आणि हुश्श करून खुर्चीत मागे टेकले. इतके दिवस घसा फोडून सांगत होते बिचारे. आणि तिने त्यांचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण रडत बसायला वेळ नव्हता.

ती आत घुसली. आता सळई लाल वायरीत आणि चिमटा काळ्या वायरीला. बल्ब पेटला नाही. मग काळ्या वायरीचा माग काढत गेली, डॅशबोर्डच्या कडेने, डाव्या कोपऱ्यात पत्र्यावरच्या बोल्टपर्यंत. बोल्ट छान निळा होता. वायरीचं टोक निळं, वॉशर निळा, आणि बोल्ट काढला तर खालचा पत्राही निळाशार. दिराने बोल्ट खोलून खाली नीट रंगाचे दोन हात दिले होते आणि वर परत घट्ट बसवला होता. रंगातून करंट जातो थोडाच?

"भावजी!" आतून हाक आली. "इकडे या, तुमची कलाकुसर बघा!"

दीर वाकला, बघितलं, आणि कानाची पाळी पकडून उभा राहिला. "म्हणजे आबा मी रंगवत होतो तेव्हापासून..."

"तेव्हापासून."

"मला वाटलं, त्यांना निळा रंग आवडला नाही."

"पॉलिश पेपर आणा," थोरली म्हणाली, "आणि तुमचे विनोद नंतर."

तिने पत्रा घासला, वायरीचं टोक घासलं, बोल्टच्या आट्या घासल्या, लोखंड पांढरं होईपर्यंत. बोल्ट आवळला. बटण दाबलं. पंख्याने आधी वर्षभराची धूळ आणि वाळका पाला तिच्या तोंडावर ओकला, आणि मग घोंघावत सुरू झाला. दीर टाळ्या वाजवू लागला. सासू कणकेचे हात घेऊन बाहेर आली आणि काय झालं ते न कळताच हसली.

थोरली खाली उतरली, तशीच धुळीने माखलेली, आणि आबांच्या पायाशी बसली. "चुकलं माझं," म्हणाली. आबांनी डाव्या हाताने तिच्या केसांतलं वाळकं पान काढलं आणि फेकून दिलं.

सुपरवायझर दुपारी आला. इंजिन तापू दिलं, केबिनमध्ये बसून काचेवर भरपूर श्वास सोडला आणि ती पांढरी केली. मग हिटर लावला. मधोमध एक गोल स्वच्छ झाला, वाढत वाढत कडेपर्यंत गेला. त्याने मान डोलावली. "चला, आता घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत चालवून दाखवा. ते जमलं की उद्या पहाटेपासून तुमची गाडी."

दिराने न सांगता फोन काढला आणि दलालाला येऊ नका म्हणून कळवलं. थोरलीने तोंड धुतलं, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला.

"आई, येते हं," तिने खिडकीतून सांगितलं. "आबा, येते."

आबांचे ओठ हलले. काहीतरी जुळवत होते, जुळत नव्हतं. सुपरवायझरने घड्याळाकडे पाहिलं, पण थोरलीने गाडी हलवली नाही. शेवटी शब्द आला, झटका आल्यापासून कुणी न ऐकलेला.

"जा."

"अहो, जा काय म्हणता?" सासू दचकली. "माणूस बाहेर पडताना ये म्हणावं!"

आबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डावा हात रस्त्याकडे करून, त्या एका अक्षरावर सगळा जोर देऊन, ते मोठ्याने म्हणाले, "जा!"

थोरलीने पहिला गिअर टाकला आणि ती गेली.